पन्नास मेगापास्कलचा माग

टेम्पररी ब्रिजच्या साहित्यावर भारतीय दंतवैद्यकीय नियतकालिकांत आलेले निबंध ओळीने वाचत गेले, की एक विधान पुन्हा पुन्हा भेटते. पदार्थ वाकवून मोडला जात असताना त्याने किमान ५० मेगापास्कल ताण सोसला पाहिजे, असे ते विधान सांगते. आधार म्हणून ‘आयएसओ १०४७७’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक दिलेला असतो. वाक्याची रचना बदलते, आकडा बदलत नाही. हा आकडा मुळात कोणी, कशासाठी लिहिला आणि तो टेम्पररी ब्रिजपर्यंत कसा आला, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी वस्तू कोणती ते पाहू. एखादी दाढ काढल्यावर तिच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांचे माप लॅबकडे जाते आणि कायमचा ब्रिज तयार होऊन येईपर्यंत रुग्णाच्या तोंडात एक हंगामी ब्रिज बसवला जातो. दोन आधाराचे दात, मध्ये अधांतरी खोटा दात, आणि त्यांना जोडणारे दोन अरुंद सांधे. तो आठ-पंधरा दिवस टिकायचा असतो. हिरडी भरून यायची असेल तर काही महिने.

या वस्तूच्या इतिहासाची पहिली अडचण अशी की ती स्वतः मागे उरत नाही. सूस गावातल्या एखाद्या दवाखान्यात आज टेम्पररी ब्रिज बसला, तर कायमचा ब्रिज येईल त्या दिवशी तो काढून कचऱ्यात जाईल. मुळशी तालुक्यातले हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले. ग्रामपंचायतीच्या नोंदी असोत, महापालिकेच्या असोत किंवा दवाखान्याचा केसपेपर असो, त्या ब्रिजची जाडी किंवा त्याच्या पुडीचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा असे कोणाला वाटण्याचे कारण नाही. वस्तू हाती नसली की इतिहासकाराला तिच्याभोवतीचे कागद धुंडाळावे लागतात. असे कागद आहेत, आणि ते बोलतातही.

पहिला कागद म्हणजे ज्याचा हवाला दिला जातो ते मानकच. आयएसओ १०४७७ ची पहिली आवृत्ती १९९२ ची, दुसरी २००४ ची. दोन्हींच्या शीर्षकात बहुवारिकांपासून, म्हणजे पॉलिमरपासून, बनवलेले क्राउन आणि ब्रिजचे साहित्य असा विषय आहे. शीर्षकावर थांबणाऱ्याची खात्री पटते: ब्रिजचे साहित्य, ५० मेगापास्कल, विषय संपला. पण मानकाचे शीर्षक वाचून भागत नाही, त्याची व्याप्ती वाचावी लागते. २००४ च्या आवृत्तीची व्याप्ती सांगते की हे मानक दंत-प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या कायमस्वरूपी दर्शनी थरांसाठी आणि पुढच्या दातांच्या क्राउनसाठी आहे. कायमस्वरूपी, प्रयोगशाळेत बनवलेले आणि पुढच्या दातांचे. टेम्पररी ब्रिज यांपैकी काहीच नसतो. तो हंगामी असतो, बहुतेकदा खुर्चीशेजारीच दहा मिनिटांत तयार होतो, आणि त्याची खरी परीक्षा मागच्या दाढांवर होते.

ही व्याप्ती पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मी ती पुन्हा वाचली. शोधनिबंधांतल्या हवाल्याने आणि मूळ कागदाने वेगवेगळी गोष्ट सांगावी, असा क्षण या कामात क्वचित येतो. निबंध लिहिणारे खोटे लिहीत होते असा याचा अर्थ नाही. टेम्पररी ब्रिजसाठी सोयीचे दुसरे माप हाती नसताना सर्वांत जवळचे माप उसने घेतले गेले, असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे. निश्चित एवढेच, की ५० हा आकडा ज्या वस्तूसाठी लिहिला गेला ती वस्तू टेम्पररी ब्रिज नव्हती.

आता आकड्यात शिरू. ५० मेगापास्कल म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ५० न्यूटन, ढोबळमानाने पाच किलोचे वजन. कसोटीसाठी पदार्थाची २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड कांडी ओततात. ती ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवतात, एकमेकांपासून २० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर आडवी टेकवतात आणि बरोबर मध्ये दाबत जातात. ज्या जोराला ती मोडते त्यावरून ताण काढतात: जोर गुणिले अंतर गुणिले तीन, भागिले दुप्पट रुंदी आणि जाडीचा वर्ग. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हे उलट्या बाजूने करून पाहावे. ५० मेगापास्कलची कांडी १३.३ न्यूटनला मोडते. म्हणजे मध्यभागी सुमारे १ किलो ३६० ग्रॅम वजन टांगले की संपली. मानकाच्या कसोटीला उतरलेली कांडी प्रत्यक्षात इतकी नाजूक असते.

मग दाढांमध्ये चावताना शेकडो न्यूटनचा जोर येऊ शकतो, तिथे हे साहित्य टिकते कसे? उत्तर सूत्रातच आहे. जाडीचा वर्ग येतो, म्हणून जाडी दुप्पट केली की त्याच पदार्थाची कांडी चौपट जोर सोसते. अंतर निम्मे केले की आणखी दुप्पट. ब्रिजमधल्या सांध्याची रुंदी ३ मिलिमीटर आणि अधांतरी अंतर १० मिलिमीटर धरले, तर ५० मेगापास्कलचा पदार्थ ३ मिलिमीटर उंचीच्या सांध्याला ९० न्यूटनपर्यंत नेतो आणि ४ मिलिमीटर उंचीच्या सांध्याला १६० न्यूटनपर्यंत. खरा ब्रिज सरळ कांडी नसतो, त्याची टोके आधाराच्या दातांवर चिकटलेली असतात आणि जोर एका बिंदूवर येत नाही, म्हणून हे आकडे दिशादर्शक समजावेत. पण दिशा पक्की आहे. डॉक्टरने सांध्याला दिलेली एक मिलिमीटर उंची, पदार्थाच्या डब्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त फरक पाडू शकते.

शेजारची दोन मानके ताडून पाहिली की ५० चे स्थान अधिक स्पष्ट होते. आयएसओ ४०४९ हे दातात भरायच्या पॉलिमर साहित्याचे मानक. कांडी तीच, २५ बाय २ बाय २. पण चावण्याच्या पृष्ठभागावर वापरायच्या साहित्याकडून ८० मेगापास्कलची अपेक्षा. दुसरे मानक आयएसओ २०७९५ चा पहिला भाग, कवळीच्या पायाचे. तिथे उष्णतेने घट्ट होणाऱ्या पदार्थाला ६५ आणि आपोआप घट्ट होणाऱ्याला ६० मेगापास्कल लागतात. पण कांडी बदललेली आहे. ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड, आणि आधारांमधले अंतर ५० मिलिमीटर. ६५ मेगापास्कलची ही कांडी मोडायला सुमारे ९४ न्यूटन लागतात. म्हणजे एका निबंधात एका मानकाची कांडी वापरली आणि दुसऱ्यात दुसऱ्याची, तर दोन्हींतले मेगापास्कल शेजारीशेजारी मांडण्याआधी थांबायला हवे. ठिसूळ पदार्थात मोठ्या कांडीत दोष सापडण्याची शक्यता मोठी असते, आणि मोडण्याची सुरुवात दोषातूनच होते.

आता पदार्थाचा स्वतःचा कागदोपत्री प्रवास. पॉलिमेथिल मेथॅक्रिलेट, ज्याला दवाखान्यात नुसते ॲक्रिलिक म्हणतात, १९३३-३४ च्या सुमारास जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावांनी बाजारात आले. १९३६ मध्ये जर्मनीतल्या कुल्झर कंपनीने पॅलाडॉन नावाने ते कवळीसाठी आणले. त्यांची युक्ती साधी आणि निर्णायक होती. तयार ॲक्रिलिकची बारीक पूड आणि द्रव मोनोमर कालवून कणकेसारखा गोळा करायचा, तो साच्यात दाबायचा आणि गरम पाण्यात शिजवायचा. नुसता द्रव मोनोमर घट्ट होताना आकारमानाने २१ टक्के आक्रसतो. बरीचशी पूड आधीच घट्ट झालेली असल्याने हा संकोच सातेक टक्क्यांवर येतो.

त्याआधी कवळ्या व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराच्या होत. त्या काळातली माहिती आपल्याला भरभरून मिळते, आणि त्याचे कारण भांडणे आहेत. जॉन कमिंग्ज यांच्या १८६४ च्या पेटंटवरून अमेरिकेत दंतवैद्यांविरुद्ध खटल्यांची रांग लागली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७६ मध्ये निकाल पेटंटच्या बाजूने लागला. पेटंटधारक कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याच्या गोळीला बळी पडला. निकालपत्रे, साक्षी, वृत्तपत्रे, सगळे टिकले. टेम्पररी ब्रिजवरून असे गाजलेले खटले मला सापडले नाहीत, आणि त्याचे कागदही विरळ आहेत.

टेम्पररी ब्रिजच्या दृष्टीने खरी उडी म्हणजे शिजवल्याशिवाय घट्ट होणारे ॲक्रिलिक. त्याच्या पुडीत बेंझॉइल पेरॉक्साइड असते, द्रवात अमाइन. दोन्ही एकत्र आले की तोंडाच्या तापमानालाच क्रिया सुरू होते. भांडी नकोत, भट्टी नको. हे कधी घडले याचा मोठा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांतले तंत्रज्ञान नोंदवून घेतले. अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या ‘फील्ड इन्फर्मेशन एजन्सी, टेक्निकल’ या संस्थेच्या अंतिम अहवालांमध्ये क्रमांक ११८५ हा जर्मनीतल्या दंत-रेझिनांविषयी आहे. लेखक ब्लूमेंथल, तारीख २७ मे १९४७.

या अहवालाचे वजन नीट करावे लागते. तो जेत्यांच्या बाजूने लिहिला आहे. प्रयोगशाळेतला मूळ दिवस तो आपल्याला दाखवत नाही. तो देतो ती फक्त एक सीमा: आपोआप घट्ट होणारे दंत-ॲक्रिलिक मे १९४७ च्या आधी जर्मनीत अस्तित्वात होते आणि त्या तारखेपर्यंत ते बाहेरच्या जगाला कळले होते. युद्धकाळातल्या टंचाईने, इंधन आणि वेळ वाचवण्याच्या निकडीने या शोधाला रेटा दिला असेल का? शक्य आहे, आकर्षकही आहे. पण आकर्षक अनुमानांकडेच जास्त संशयाने पाहायला हवे. मी ते अनुमान म्हणूनच ठेवतो.

पुढचे वळण अधिक ठाम आहे. या नव्या ॲक्रिलिकचा पहिला मोठा उपयोग हंगामी म्हणून योजलेला नव्हता. ते थेट दातात भरायचे साहित्य म्हणून पुढे आले आणि तिथे फसले: आक्रसल्याने कडेला फट पडे, झीज होई, खालचा दात किडे. जे कायमचे म्हणून टिकले नाही त्याला थोड्या दिवसांच्या कामात जागा मिळाली. ॲक्रिलिकची पूड आणि द्रव टेम्पररीच्या कामात इतके रुळले ते या अपयशानंतर, असे मी कालक्रमावरून म्हणतो. ‘आता हे आम्ही टेम्पररीसाठी वापरू’ असा एखादा ठराव कोणी केला नव्हता.

टेम्पररी साहित्याच्या दुसऱ्या घराण्याचा कागद मात्र स्वच्छ आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या राफाएल बोवेन यांचे अमेरिकन पेटंट क्रमांक ३०६६११२, अर्ज १९५९, मंजुरी २७ नोव्हेंबर १९६२. बिस्फेनॉल आणि ग्लिसिडिल ॲक्रिलेट यांच्यापासून बनलेला बंधक, त्यात सिलेनचा लेप दिलेली सिलिकाची पूड. ॲक्रिलिकच्या साखळ्या एकमेकींना न जोडता शेजारी पडून असतात. इथे रेणू दोन्ही टोकांनी गुंफले जातात आणि मध्ये काचेसारखे कण अडकतात. आज काडतुसातून आपोआप मिसळून येणारे बिस-ॲक्रिल हे टेम्पररी साहित्य याच घराण्यातले. पण पेटंटचे शीर्षक पाहा: दातात भरायचे साहित्य. इथेही टेम्पररी ब्रिज नाही. पॅलाडॉन कवळीसाठी, आपोआप घट्ट होणारे ॲक्रिलिक भरण्यासाठी, बोवेन यांचे रेझिन भरण्यासाठी, आणि ५० चा आकडा कायमच्या क्राउनसाठी. ज्या वस्तूचा आपण माग काढतो आहोत ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारातून आत येते.

टेम्पररी ब्रिजसाठीच म्हणून केलेल्या मोजण्या उशिरा, १९८० च्या दशकापासून दाट होतात. त्यांतले तीन निबंध मला महत्त्वाचे वाटतात, तिन्ही ‘जर्नल ऑफ प्रॉस्थेटिक डेंटिस्ट्री’मधले. १९८७ मध्ये गेगॉफ आणि प्रायर यांनी वेगळा प्रश्न विचारला. पदार्थ किती ताण सोसतो हे न पाहता, आधीच असलेली चीर पुढे सरकायला तो किती विरोध करतो, हे त्यांनी मोजले. तोंडातला टेम्पररी ब्रिज सहसा एका घासाने मोडत नाही. बारीक चीर रोज थोडी पुढे जाते. म्हणून हा प्रश्न मला कांडी मोडण्याच्या प्रश्नापेक्षा सत्याच्या जवळचा वाटतो. १९९० मध्ये कुमजियन आणि निमो यांनी मोडून पुन्हा जोडलेल्या कांड्या तपासल्या. दुरुस्त केलेल्या बिस-ॲक्रिलची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यांना आढळले. अशा वेळी नवा ब्रिज करणेच वेळ वाचवणारे ठरेल, असे ते सुचवतात.

तिसरा निबंध २००२ चा, हॅसल्टन, डियाझ-अर्नोल्ड आणि वार्गास यांचा. १३ साहित्ये, त्यांत ५ मेथॅक्रिलेट आणि ८ बिस-ॲक्रिल, कांड्या कृत्रिम लाळेत दहा दिवस. निष्कर्ष असा की ताकद घराण्यावर अवलंबून नाही, त्या-त्या साहित्यावर आहे. काही बिस-ॲक्रिल ॲक्रिलिकपेक्षा बरेच वरचढ, काही नाहीत. ‘बिस-ॲक्रिल म्हणजे मजबूत’ हे सरधोपट विधान या एका निबंधानंतर करता येत नाही. त्यांनी वापरलेली कांडी भराव-साहित्याच्या अमेरिकन मानकाची होती, हेही नोंदवून ठेवायला हवे. मोजमाप टेम्पररीचे, पट्टी पुन्हा उसनीच.

आता महाराष्ट्राकडे. मुंबईचे नायर डेंटल कॉलेज १९३३ चे, पॅलाडॉनच्या तीन वर्षे आधीचे; म्हणजे मुंबईतल्या पहिल्या तुकड्या व्हल्कनाइटच्या काळात शिकल्या असणार. दंतवैद्य कायदा २९ मार्च १९४८ चा, १९४८ चा क्रमांक १६. त्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांच्या नोंदवह्या ठेवायला सांगितले. मेकॅनिक म्हणजे कवळ्या आणि दंतोपकरणे बनवणारा किंवा दुरुस्त करणारा. कायदा माणसांविषयी बोलतो, कोण करू शकतो ते सांगतो. कशाचे आणि किती जाड, याबद्दल तो मौन पाळतो. त्यातून खुर्चीशेजारी डॉक्टरच्या हातून बनणारा टेम्पररी मेकॅनिककडे जातच नाही, त्यामुळे लॅबच्या बिलातही त्याचा मागमूस नसतो.

साहित्याचा भारतीय धागा मात्र पकडता येतो. तो निबंधांच्या ‘साहित्य आणि पद्धती’ या विभागात आहे, जो बहुतेक वाचक ओलांडून जातात. परदेशी बिस-ॲक्रिलच्या तुलनेला तिथे अनेकदा एक नाव उभे असते: टूथ मोल्डिंग पावडर, डीपीआय, मुंबई. डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया हा बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या वार्षिक अहवालांत चहा-कॉफीच्या मळ्यांसोबत येत आलेला विभाग. कंपनी १८६३ ची, धंदा मूळचा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला २३ लाख रुपयांचा दंड केला, ते निमित्त होऊन इंग्रजांनी युद्ध पुकारले, आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा पदच्युत होऊन रत्नागिरीला आला, तिथेच १९१६ मध्ये वारला. त्याच कंपनीची ॲक्रिलिकची पूड आज आपल्या दातांत हंगामी उभी असावी, हा इतिहासाचा फार लांबचा धागा आहे. त्यातून ताकदीविषयी काही सिद्ध होत नाही, पण तो टाकून पुढे जाववत नाही.

ताकदीविषयी या निबंधांतून काय घ्यावे? पूड आणि द्रव प्रयोगशाळेत वजन-मापाने घेतले जातात, साच्यात दाबून घट्ट केले जातात आणि त्या कांडीचा आकडा छापला जातो. दवाखान्यात तीच पूड वाटीत नजरेच्या अंदाजाने कालवली जाते. द्रव कमी पडला तर कोरडे कण राहतात, जास्त झाला तर संकोच वाढतो, घाईने फेटले तर हवेचे बुडबुडे अडकतात. चीर सुरू व्हायला एक बुडबुडा पुरतो. म्हणून छापील आकडा हा त्या पदार्थाच्या चांगल्या दिवसाचा पुरावा मानावा. काडतुसातल्या बिस-ॲक्रिलची जमेची बाजूही मला इथेच दिसते: मिश्रण हातावर सोडलेले नसते, म्हणून प्रयोगशाळेतली कांडी आणि तोंडातला ब्रिज यांच्यातले अंतर कमी होते. निबंधात मिश्रणाचे प्रमाण, पाण्यात ठेवण्याचा काळ आणि कांडीचे माप या तीन गोष्टी दिलेल्या असतील, तर त्याचा आकडा मी वहीत उतरवतो. नसतील, तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह.

शेवटचा कागद पुन्हा पहिल्याच मानकाचा, पण पुढच्या आवृत्तीचा. २०१८ मध्ये आयएसओ १०४७७ ची तिसरी आवृत्ती निघाली आणि २०२० मध्ये चौथी. दोन्हींच्या शीर्षकातून ‘ब्रिज’ गेला आहे. विषय आता क्राउन आणि दर्शनी थरांचे पॉलिमर साहित्य असा लिहिला जातो. २००४ च्या व्याप्तीत जे आधीच खरे होते ते शीर्षकानेही मान्य केले, असे याचे वाचन मी करतो. त्यानंतर छापून आलेल्या निबंधांतही टेम्पररी ब्रिजसाठी ५० मेगापास्कल आणि हाच क्रमांक भेटतो, कधी आवृत्तीच्या वर्षासह, कधी वर्षाशिवाय. ज्या निबंधात वर्ष दिलेले नसते, तिथे लेखकासमोर कोणती आवृत्ती उघडी होती हे त्या एका क्रमांकावरून सांगता येत नाही.